न्हाणीतली पानवेल

शिमगा पंधरा दिवसांवर आला की माझे हात शिवशिवू लागतात. थंडी सकाळपुरती उरलेली असते, दुपारचं ऊन अजून अंगावर येत नाही, आणि गावाबाहेर पळसाला एकही पान नसताना फुलं मात्र भरभरून असतात. घरातल्यांना वाटतं, हिला आता पापड-कुरडयांचे वेध लागले. वाटू दे. कुरडया मला उभ्या जन्मात धड जमल्या नाहीत. माझ्या कुरडया कढईत पडल्या की फुलायच्या ऐवजी रुसून बसतात. माझे हात शिवशिवतात ते वेल उतरवायला.

ज्यांच्या घरी पान फक्त तबकात येतं त्यांना हे समजावून सांगावं लागतं. पानवेल मोठी हावरी असते. आधार मिळाला की वर, आणखी वर, एवढंच तिला कळतं. खालचं खोड उघडं पडतं, गाठीगाठीचं होतं, आणि वरची पानं दर महिन्याला लहान होत जातात. मग वर्षातून एकदा तिला आधारावरून सोडायची, खाली आणायची, उघडं खोड बुडाशी वेटोळं करून मातीत दाबायचं आणि शेंडा तेवढा दीड-दोन हात वर ठेवून पुन्हा बांधायचा. मातीत गेलेल्या गाठींना नवी मुळं फुटतात. वेल पुन्हा लहान होते आणि पुन्हा तळहाताएवढी पानं देऊ लागते. याला आमच्याकडे उतरण म्हणतात. माझं माहेर अंजनगावचं, पानमळ्यावर जगणारं. आमचं वर्ष पाडव्याला सुरू होत नसे, उतरणीला होत असे.

आमचा मळा लहानच होता. चारी बाजूंनी तुऱ्हाटीचा दाट कुड, वर शेवरीची आणि पांगाऱ्याची सावली, आणि आत शिरायला एकच ताटी. बाहेर ऊन मातीला भेगा पाडत असायचं आणि ताटी सरकवून आत पाऊल टाकलं की पायाला गार चिखल लागायचा. आतला उजेडसुद्धा हिरवा. पाटाच्या पाण्याचा वास, वेली बांधायला भिजत घातलेल्या लव्हाळ्याचा वास, आणि या दोन्हींच्या मागे पानाचा तो तिखटसर वास. एरवी गल्लीच्या टोकापर्यंत आवाज पोचवणारे बाबा मळ्यात हळू बोलायचे. वहाणा ताटीबाहेर. आंघोळ केल्याशिवाय आत पाय नाही. आणि बायकांनी तर नाहीच. आमच्या घरची रीत अशी की पोर शहाणी होईपर्यंत मळ्यात हुंदडेल, त्यानंतर ताटीच्या बाहेर. मी बाराव्या वर्षी बाहेर झाले. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तो शेंबूड पुसत आत जायचा आणि मी कुडाला कान लावून उभी. फार राग यायचा. अजूनही येतो, आता उगाच लपवू कशाला.

त्यानंतरची प्रत्येक उतरण मी कानांनी पाहिली. कुडाच्या पलीकडून बाबांचा आवाज यायचा, "सोड, सोड, हळू. शेंड्याले धक्का नाई लागला पायजे. गाठी मातीत जाऊ दे सगळ्या." मग ओल्या मातीवर तळव्यांनी थोपटल्याचा आवाज. तेवढ्यावर मी मनात वेल उतरवायची.

माय ओसरीवर बसून पानं लावायची. मळ्यातून आलेल्या पानांचा ओला ढीग तिच्यासमोर ओतला जाई आणि ती एकेक पान मांडीवरच्या फडक्यावर पुसून, देठाला देठ लावून चवड रचत जाई. फाटकं कुठलं, किडकं कुठलं, हे तिच्या बोटांनाच कळायचं; ती बघायचीसुद्धा नाही. गल्लीतल्या बायकांशी बोलणं चालू, चुलीवरच्या वरणावर लक्ष चालू आणि पानं आपली लागत चालली आहेत. बाजारात आमच्या करंडीला मान होता तो बाबांच्या मळ्यामुळे जेवढा, तेवढाच मायच्या बोटांमुळे. तिच्या हातांना कायम पानाचा वास असे. ताप आला की ती कपाळावर हात ठेवायची आणि त्या वासानंच मला निम्मं बरं वाटायचं. एकदा मी तिला विचारलं होतं, "माय, तुले आत जावंसं नाई वाटत?"

"आत जाऊन काय करा लागते मले?" ती म्हणाली. "पानं येतेतच ना माह्यापाशी."

माझं लग्न अकोल्याला ठरलं. मुलगा कचेरीत कारकून, जुन्या शहरात दोन खोल्यांचं बिऱ्हाड, घरात सासू-सासरे नाहीत. सगळ्या गल्लीनं माझ्या नशिबाचा हेवा केला. लग्नाच्या पाच दिवस आधी, सकाळी, बाबा मांडवाच्या बल्ल्या बघायला गेले होते, भाऊ पत्रिका वाटायला, आणि मळ्याची ताटी नुसती लोटलेली होती. मी आत गेले. एकदा बघायचं होतं, एवढंच. त्या दिवशी माझी शिवाशिव होती, तिसरा दिवस, डोक्यावरून पाणी घ्यायचं राहिलेलं. मला हे पक्कं माहीत होतं, तरी गेले. आत पाट वाहत होता, माझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात बुडाले. सहा वर्षांनी तो हिरवा उजेड अंगावर पडला आणि मला हुंदका आला. येताना मी एका वेलीची हातभर काडी नखानं तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि लोखंडी पेटीच्या तळाशी, शालूच्या खाली ठेवली. बाकी पोरी माहेराहून भांडी नेतात.

अकोल्याला पहिल्याच आंघोळीला मला रडू आलं, ते काही माहेरच्या आठवणीनं नव्हे. विहिरीचं पाणी खारट होतं. साबणाला फेस नाही, केसांचा काथ्या झालेला. गोडं पाणी नळाला सकाळी तासभर यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं, आणि ते प्यायला नि स्वयंपाकाला. आमची न्हाणी चार हात लांब, तीन हात रुंद. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, त्यात उजेडासाठी बसवलेलं एक काचेचं कवेलू. एका कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब. कोंदट, ओली, अर्धी अंधारी. दुसऱ्या कुणाला ती नकोशी वाटली असती; मला मात्र तिचं दार लोटताना मळ्याची ताटी लोटल्यासारखं वाटायचं. बंबासमोरच्या कोपऱ्यातली फरशी उकरून मी तळ्याची माती भरली, तिथे ती काडी लावली आणि रोज पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर गोडं पाणी तिला घालू लागले.

"आमी खाऱ्या पान्यानं न्हायचं अन् महाराणीले नळाचं पानी!" हे म्हणायचे. "बरं हाये. पुढच्या जन्मी वेलच होतो मी."

काडी कुठली, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी बाजारातून आणली म्हणून सांगितलं. नवऱ्याशी बोललेली ती पहिली थाप. महिन्याभरानं काडीला कोंब फुटला आणि त्या दिवशी मी एकटीच न्हाणीत बसून हसले.

त्याच पावसाळ्यात बाबांच्या मळ्याला मर लागली. वेली बुडाशी काळ्या पडल्या आणि एकामागून एक उभ्या उभ्या माना टाकत गेल्या. दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा अर्ध्या मळ्यात नुसत्या शेवऱ्या उभ्या होत्या. आणि ओसरीवर पानं लावायला माय नव्हती, बाबांची थोरली बहीण, मोठी आत्या बसली होती. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेल्यावर ती माहेरीच राहत होती आणि घरातल्या रीतिभातींची किल्ली तिच्या कमरेला असायची.

"बाईचा पाय पडल्याबिगर मळा असा जात नाई," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "येळ पाह्यली नाई, काळ पाह्यला नाई, गेली असंन लग्नाच्या गडबडीत आत."

"मी नाई गेली वं बाई," माय चुलीपुढून म्हणाली. "देवाची आन घेऊन सांगतो. मी ताटीलेसुदा हात लावला नाई."

तिनं ते किती वेळा सांगितलं असेल कोण जाणे, कारण कुणी मान वरसुद्धा केली नाही. बाबा सुपारी कातरत होते, ते कातरत राहिले. तिचा हात पुन्हा पानाला लागू नये, असं घरात ठरून गेलेलं होतं. आणि मी दारात उभी होते, नवी साडी नेसून. आत गेलेली बाई मी होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य बाहेर पडलं नाही. नवी नवरी, सासरी कळलं तर काय म्हणतील, असल्या सबबी मी पुढे स्वतःला पुष्कळ दिल्या. खरी गोष्ट अशी की मी भ्याले. आत्याची जीभ माझ्यावर येण्यापेक्षा मायवर आहे ते बरं, असं मला त्या एका क्षणी वाटलं. वाटलं ते वाटलं.

अकोल्याला परतले तर न्हाणीतली वेल गुडघाभर झालेली. तिचं एक पान खुडून खाल्लं. आमच्याच मळ्याचं पान, तीच चव, आणि घास काही गिळवेना.

आता घराला बाथरूम आहे आणि त्यात भिंतीभर गुळगुळीत फरशा आहेत. तिथे शेवाळसुद्धा धरत नाही, वेल कुठून धरणार? माझी वेल गच्चीवर एका जुन्या पिंपात असते. येणारे-जाणारे तिचा पसारा बघून म्हणतात, "अहो, छाटून का टाकत नाही?" छाटणं सोपं असतं. त्या जुन्या न्हाणीत मीही पहिली तीन वर्षं तेच केलं. उतरण करायची मला हिंमत नव्हती. बाईच्या हातानं वेल उतरत नाही, हे मनात घट्ट बसलेलं; आणि माहेरचं कुणी माणूस बोलवावं तर त्यानं पहिल्याच नजरेत पान ओळखलं असतं. कपुरी पान गावोगाव असतं, पण आपल्या मळ्याचं पान पानवाल्याला ओळखू येतं. म्हणून दर आठवड्याला मी शेंडे खुडायची. वेल वर जायची धडपड करायची आणि मी तिला न्हाणीच्या भिंतीपेक्षा वर जाऊ द्यायची नाही. बाबा पानांच्या करंड्या घेऊन आठवड्याला अकोल्याच्या बाजारात यायचे, पण घरी कधी यायचे नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. ही एक रीत तेवढी माझ्या पथ्यावर पडली. बाजाराच्या तोंडाशी मी त्यांना भेटायची. त्यांच्या अंगाला ओल्या गोणपाटाचा आणि पानाचा वास असे. आजही भाजीबाजारात कुणी भिजलेलं गोणपाट झटकलं की मी चालता चालता थांबते.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मला दिवस गेले आणि दसऱ्याच्या सुमाराला मी बाळंतपणासाठी अंजनगावला गेले. जाताना ह्यांना एवढंच सांगितलं, "वेलीला रोज तांब्याभर गोडं पाणी. विसरू नका." शेंडे खुडायचं सांगायला विसरले. खरं तर विसरले नाही. ते सांगायचं तर का खुडायचे हेही सांगावं लागलं असतं.

मुलगी झाली. मायनं माझं सगळं केलं. डिंकाचे लाडू, अंगाला तेल, शेक, पोरीचं न्हाणं. एका सकाळी ती पोरीला पायांवर घेऊन तेल लावत होती आणि मी तिचा हात सहज नाकाशी धरला. त्याला राखेचा वास होता, शेणाचा होता, तेलाचा होता. पानाचा नव्हता. ओसरीवर आत्या पानं लावत होती, आणि माय तिकडून जाताना पानांच्या ढिगाला वळसा घालून जात होती, पदर आवरून, परक्या घरातून गेल्यासारखी. चार वर्षांत तिला तो वळसा अंगवळणी पडला होता.

"काय वं, काई म्हनत होती का?" माय विचारायची.

"काई नाई," मी म्हणायची. पाच महिने रोज.

फाल्गुन लागला आणि बाबा मला पोचवायला निघाले. लहान गाडीनं मूर्तिजापूरपर्यंत, तिथून मोठ्या गाडीनं अकोला. लहान गाडी इतकी सावकाश जायची की वाटेतल्या शेतातली माणसं गाडीतल्या माणसांशी बोलून घ्यायची. नात बाबांच्या मांडीवर झोपली होती. "आता तुह्या घरचं पानी चालते मले," ते मोठ्या खुशीत म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत होते. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडल्या होत्या. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता, बाबांना न्हाणीपासून लांब कसं ठेवायचं.

दारातच हे उभे होते. पोरीला घ्यायच्या आधी मला म्हणाले, "चिडू नको. तू सांगतलं तसंच केलं मी. एक दिवस खाडा नाई."

"काय झालं?"

"महिनाभर झाला, मी आंगनात न्हाऊन राह्यलो."

मी त्यांना डोळ्यांनी खुणावेपर्यंत बाबा पाय धुवायला मागच्या दारी गेले होते. प्रवासातून आलेला माणूस दुसरं काय करणार? त्यांनी न्हाणीचं दार लोटलं. दार अर्धंच उघडलं. आतून वेलीनं कडीच्या बाजूला वेढा घातला होता.

मी मागे जाऊन उभी राहिले. पाच महिन्यांत ती न्हाणी उरलीच नव्हती. वेल भिंतीवरून आढ्याला गेली होती, आढ्यावरून परत खाली लोंबली होती, बंबाच्या नळीला वळसे घालून त्याच्या झाकणावर पसरली होती, आणि एक शेंडा काचेच्या कवेलूच्या फटीतून सरळ छपरावर निघून गेला होता. वरची पानं रुपयाएवढी. खाली बुडाशी नुसतं गाठाळ उघडं खोड. त्या काचेतून उजेड यायचा तो हिरवा होऊन येत होता.  बाबांनी एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं.

मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि दाराबाहेर जोडून ठेवल्या. न्हाणीच्या दाराबाहेर. आणि अंगणातल्या बादलीनं पाय धुऊन ते आत गेले.

"हे आपलं पान होय," ते आतून म्हणाले. आवाज हळू, मळ्यातला.

"हो."

"कोनं देल्लं?"

"कोनंच नाई. मीच तोडून आनलं. लग्नाच्या पाच दिवस आधी मी आत गेली होती, बाबा. तिसरा दिवस होता माहा. मर माह्यानं लागली. मायचं काईच नाई त्यात, थे खरं सांगत होती." चार वर्षं अडलेलं वाक्य असं एका दमात पडलं आणि मी चौकट धरून उभी राहिले.

ते कवेलूत अडकलेला शेंडा सोडवत होते. तो सुटेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. मग म्हणाले, "आत ये. शेंडा धर."

"मी?"

"मंग कोन? एका मानसाचं काम नोहे हे."

मी गेले. चार हात लांब, तीन हात रुंद जागेत आम्ही दोघं, आणि मधे ती वेल. बाबा एकेक पेर भिंतीवरून सोडवत होते आणि मी शेंडा दोन्ही हातांवर घेऊन उभी होते. "दाबू नको. नुसता तोलून धर." खालची वाळकी पानं त्यांनी खुडली. मातीत हातानं गोल चर काढला आणि उघडं खोड त्यात वेटोळं करत बसवलं. कुडाच्या बाहेरून ऐकलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. बांधायला लव्हाळा कुठला? मी पोरीच्या बाळुत्याच्या मऊ चिंध्या फाडून दिल्या.

"तू गेली त्या दिवशी पाट चालू होता का?" बाबांनी एकदम विचारलं.

"हो. घोट्याएवढं पानी होतं."

"दोन दिवस चालू होता थो. लग्नाच्या गडबडीत मी बंद कराले विसरलो. मळ्यात पानी तुंबलं का मूळ सडते. मर त्याच्यानं लागली. तुह्यानं नाई."

"तुमाले मालूम होतं?"

"पह्यली मुळी उपटली तवाच समजलं. वासावरून."

"मंग मायले कावून..."

त्यांचे हात माती थोपटत राहिले. "गाव हासलं असतं, पोरी. तीन पिढ्याचा पानवाला अन् पाट बंद कराले विसरला. तुही आत्या बोलली, तुही माय गप बसली. मले वाटलं, निभून जाईन. मंग बोलाची येळच नाई आली."

"चार वर्सं, बाबा!" मी ओरडले. बाहेर पोर दचकून रडू लागली. बाबांवर इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि तो पुरता बाहेर यायच्या आत मला कळलं की चार वर्षं माझीही तेवढीच होती. त्यांनी गाव हसेल म्हणून मायला पुढे केलं आणि मी आत्या बोलेल म्हणून. आम्ही बापलेक एकाच मातीत गुडघे टेकून बसलो होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

"झालं का?" हे पोरीला खांद्यावर घेऊन दाराशी आले. "माहा बंब भेटन का मले आता?"

वेल उतरली. दीड हात शेंडा भिंतीवर, बाकी सगळी मातीत. न्हाणी एकदम केवढी मोठी दिसू लागली. जास्तीच्या फुटीतून बाबांनी सहा चांगली बेणी काढली आणि ओल्या गोणपाटात बांधली. निघताना मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते उभ्यानं प्यायलं.

"मायले सांगान?" मी विचारलं.

"सांगीन."

"सगळ्याईसमोर?"

त्यांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि मान हलवली.

नागपंचमीला आमच्याकडे पानवेलीची पूजा असते. सगळी भावकी मळ्याशी जमते, पुरुष आत जातात, बायका ताटं घेऊन ताटीबाहेर उभ्या राहतात. मी पोरीला घेऊन मुद्दाम गेले होते. आमची सहाही बेणी लागली होती. बाबा ताटीत उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "आमच्या मळ्याले मर लागली थे तुंबल्या पान्यानं. पाट मी विसरलो होतो. घरच्या बाईचा काई दोष नोता."  आत्या न ढळलेला पदर सारखा करू लागली. कुणी हसलं नाही. एवढं ज्याचं भय होतं ते हसू आलंच नाही.

मग बाबांनी ताटी पूर्ण उघडली आणि भावकीदेखत मायला म्हणाले, "चाल. आत चाल."

 मला वाटलं, आता ती जाणार. मी लग्नाआधी जो हिरवा उजेड चोरून पाहिला तो तिच्या अंगावर पडणार. माय उघड्या ताटीकडे बघत उभी राहिली. तिच्या ताटातली वात वाऱ्यानं हलत होती.

"मी कई मागतलं होतं आत येनं?" ती म्हणाली. मोठ्यानं नाही. "मले माही ओसरी पायजे होती. थे तुमी घेतली."

तिनं पूजेचं ताट बाबांच्या हातात दिलं आणि घराकडे चालू लागली. बाबा ताट धरून ताटीत उभे. मी पोरीला भावाकडे सोपवून तिच्या मागे धावले.

पोचले तेव्हा ती ओसरीवर बसली होती. सकाळी तोडून आणलेल्या पानांचा ढीग तिनं पुढ्यात ओढला होता आणि फडकं भिजवून मांडीवर घेतलं होतं. पहिलं पान पुसताना तिची बोटं अडखळली. दुसरं पडलं. तिसऱ्याला देठाला देठ लागलं.

"माय," मी म्हणाले, "आत मी गेली होती."

"मालूम हाये. तुह्या बाबानं शिमग्यालेच सांगतलं."

म्हणजे पाच महिने तिला ठाऊक होतं, आणि मला एका शब्दानं तिनं कळवलं नव्हतं. ती पानं लावत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तुह्यासाठी मी खोटं बोलली असती, पोरी. मीच गेली होती म्हनली असती, अन् हासत ऐकून घेतलं असतं. तू मले खरं बोलाले एकटी ठेवलं."

 पाय धरावेत तर ते पानांच्या ढिगाखाली होते. मी तिच्यासमोर फतकल मारून बसले आणि रडत राहिले. तिनं मला गप केलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं आपल्या पुढ्यातला अर्धा ढीग हातानं तोडला आणि माझ्याकडे सरकवला. फडक्याचं एक टोक माझ्या मांडीवर टाकलं. मग आम्ही दोघींनी दिवे लागेपर्यंत पानं लावली. माझी चवड वाकडी होत होती. ती मधूनच हात लांब करून ती नीट करायची आणि परत आपल्या चवडीकडे वळायची. आत्या दोनदा दारात येऊन गेली. तिला कुणी ये म्हटलं नाही.

त्यानंतर माय बरीच वर्षं होती आणि शेवटपर्यंत ओसरी तिचीच होती. मळ्यात ती कधीच गेली नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. मी बोलायला गेले तर ती पोरीचं काहीतरी विचारायची. बाबा गेले, मग ती गेली, मळा मोडला. उतरण मी आता एकटीच करते, पिंपातल्या एका वेलीची, आणि ती अर्ध्या तासात संपते. शेंडा तोलून धरायला कुणी लागत नाही एवढी ती लहान आहे.

माझ्या वयाच्या बायांना माहेर म्हटलं की झोके आणि मैत्रिणी आठवतात. मला तेवढी एक दुपार हवी आहे. चुकीची माफी नको, ती तिनं दिली की नाही हे मला आजही नक्की माहीत नाही. मला फक्त ती ओसरी हवी आहे, ओल्या पानांचा अर्धा ढीग हवा आहे, आणि माझी वाकडी चवड सरळ करायला समोरून येणारा तिचा हात.